लोनच्याच्या बरनीतला लंगर

पयलं एक सांगून ठेवते, ती बरनी माझी व्हती. नेकनूरच्या बाजारातनं डोक्यावर घेऊन आलते मी, दोन कोस, मानेला रग लागली तरी खाली ठेवली न्हाई. चिनी मातीची, पोटाला निळी रेघ, आत सालभराचं कैरीचं लोनचं बसायचं. आनि आमच्या धन्यानं मला न इचारता तिच्यात तेजाब ओतलं, आनि त्या तेजाबात देवाचा लंगर सोडला. आता तुमीच सांगा, बाईमानसाचं डोकं फिरनार न्हाई तर काय हुईल?

आमी लोहार. गावात एकच भट्टी, ती आमची. धनी ऐरनीवर, मी भात्यावर, आनि काम मोठं असलं की घन बी मीच मारते. धन्याचं नाव मी घेत न्हाई, गाव त्यांना धुळाजी म्हनतं. मानूस सोन्यासारखा, हातात कसब, पन भित्रा किती? कोंबडी आडवी गेली तरी तिला हात जोडील इतका. देवाला भ्यायचं, मोहनरावाला भ्यायचं, चावडीवरच्या शिपायाला भ्यायचं. बायकोला तेवढं भ्यायचं राहून गेलंय.

हैदराबादला मुसीला मोठा पूर आलता ना, त्या सालची ही गोष्ट. आमच्या माळावर खंडोबा हाय. त्याच्या देवळात लोखंडाची साखळी टांगलेली असती, तिलाच लंगर म्हनायचं. कड्या बोरूएवढ्या जाड. चंपाषष्ठीला देवाचा वाघ्या ती साखळी दोन्ही हातांत धरतो आनि हिसका मारून तोडतो. हिसके तीनच. तीनात तुटली तर साल बरं जानार असं धरायचं, आनि वाघ्याचा मान त्याच्याकडंच ऱ्हायचा. तुटलेला लंगर मंग सालभर तसाच टांगायचा. फुडला मार्गशीर्ष लागला की तो आमच्या भट्टीत यायचा, धन्यानं नवी कडी घालून सांधायचा आनि पंचमीला परत देवळात न्यायचा. तेवढ्यासाठी आमाला देवाफुडचा नारळ मिळायचा.

वाघ्या म्हंजे सटवाबा धनगर. साठीच्या फुडचा, काटकुळा, दाढी पांढरी. अकरा महिने मेंढरांमागं फिरायचा, तवा त्याला कुत्रं इचारत नसायचं. पन चंपाषष्ठीला गळ्यात भंडाऱ्याची कोथळी घालून तो लंगर हातात घ्यायचा, तवा सारं गाव त्याच्याकडं मान वर करून बघायचं. त्याच्या बापानं तोडला, आज्यानं तोडला. जोरानं न्हाई बरं का. सटवाबा आधी डोळे मिटून एकेक कडी बोटातनं सरकवायचा. कुठली कडी सांध्यात सैल झालीया ते त्याला बोटानं कळायचं. मंग ती कडी मधी धरायची, साखळीला पीळ द्यायचा आनि हिसका. टन्नदिशी आवाज व्हायचा आनि गाव "येळकोट येळकोट" म्हनून उठायचं.

सटवाबा माझा मानलेला भाऊ. प्लेगात माझं माहेर उठलं, आई, बाप, दोन्ही भाऊ. त्या दिवाळीत भाऊबीजेला मी ओवाळायचं ताट घेऊन उगंच उंबऱ्यात बसलते. सटवाबा मेंढरं घेऊन चाललता. त्यानं बघितलं, मेंढरं तशीच रस्त्यात सोडली, येऊन पाटावर बसला आनि म्हनला, "ओवाळ बाई." मी रडत रडत ओवाळलं. तवर मेंढरांनी शेजारच्या भामाबाईची मेथी मुळासकट साफ केली. भामाबाई तवापासून माझ्याशी बोलत न्हाई.

तर आदल्या साली काय झालं, सटवाबाला तिसरा हिसका लागला. जलमभर पयल्या हिसक्याला तोडनारा मानूस! दुसरा हिसका वाया गेला तवा लोक एकमेकांकडं बघाय लागले. तिसऱ्याला तुटला, पन ते बघनं मोहनरावानं हेरून ठेवलं.

मोहनराव म्हंजे गावचा मोठा जमीनदार, अर्धं शिवार त्याचं. त्याचा पोरगा राधाकिशन तीन सालं हैदराबादला शिकाय गेलता. काय शिकून आलता ते कुनालाच कळलं न्हाई. गोरा, गुबगुबीत, बोलाय गोड, पन शेतात गेला तर बैल त्याला ओळखायचे न्हाईत. ह्या पोराला गावानं मानावं कसं, ह्याच काळजीत मोहनराव. आनि त्यात बातमी आली, यंदा चंपाषष्ठीला नवे तहसीलदारसाहेब जत्रा बघाय येनार.

मोहनरावानं चावडीवर गाव जमवलं. म्हनला, "सटवा थकला. देवाचं काम थकलेल्या हातानं करू नये. यंदा आधी आमचा राधाकिशन तीन हिसके मारील. त्याच्याकडनं तुटला तर मान आमच्या घराकडं. त्याच्याकडनं न्हाई तुटला तर सटवानं तीन हिसके मारावे. त्याच्याकडनं बी न्हाई तुटला, तर पुढचा वाघ्या मी ठरवीन."

मोहनरावाफुडं कोन बोलनार? सगळ्यांनी मुंड्या हलवल्या. सटवाबा कोपऱ्यात घोंगडी पांघरून उभा व्हता. तो एवढंच म्हनला, "देवाला चालत आसंल तर मला चालतंय." आनि मेंढराकडं निघून गेला. मला इतका राग आला, की घरी येऊन मी भाता असा ओढला, असा ओढला, धनी म्हनले, "आगं, कोळसे उडायलेत!"

राधाकिशननं दुसऱ्या दिवसापासनं खारीक-बदाम खायला आनि मुद्गल फिरवाय सुरवात केली. पोराला खरंच वाटत व्हतं आपन तोडू म्हनून. बापाला मात्र पोराची ताकद चांगली ठावं व्हती. म्हनूनच तो आमच्या भट्टीवर आला.

मार्गशीर्ष लागला व्हता, लंगर आमच्याकडं आलता. दुपारची येळ. मोहनरावानं पंच्यातनं एक काचेची बाटली काढली, वर गवत गुंडाळलेलं.

"धुळ्या, हे गंधकाचं तेजाब. बीडच्या सोनाराकडनं आणलंय. लंगर सांधून झाला की यात भिजत घाल. लोखंड पातळ झालं पाहिजे. कानस लावू नको, त्या म्हाताऱ्याच्या बोटाला लगेच कळतं."

धन्याचं तोंड पांढरं पडलं. "मालक, देवाचा लंगर हाय जी…"

"आणि ही जागा कुणाची आहे?" मोहनराव भट्टीकडं बोट दाखवून म्हनला. "माझी. षष्ठीला माझ्या पोराकडनं लंगर तुटला न्हाई, तर सप्तमीला ऐरण उचलायची आणि चालू पडायचं. सोनारानं सांगितलंय, तेजाब पाण्यात घालायचं, पाणी तेजाबात न्हाई. समजलं का बे?"

तो गेला. मी भात्याचा दांडा सोडून फुडं आले. "न्हाई घालायचा लंगर त्यात. सटवाबाच्या पोटावर पाय दिल्यागत हाय हे."

"आन आपल्या पोटाचं काय, भिवरे?" धनी म्हनले. डोळ्यात पानी व्हतं त्यांच्या. "जाऊ कुठं आपन?"

मला धन्याचा राग आलता, आनि कीव बी येत व्हती, आनि ह्या दोन्हीपायी मी दिवसभर भांडी आपटत ऱ्हायले.

धनी कामाचा मानूस, आंधळेपनानं काय करनार न्हाईत. आधी त्यांनी फुटक्या चिनी बशीत पानी घेतलं, त्यात थोडं तेजाब सोडलं आनि बैलाच्या खुराला ठोकायच्या पत्रीचा एक जुना गंजका खिळा टाकला. बाई गं! खिळ्याला अशी बुडबुड सुटली, जसा चुलीवर आधनाला कड आला. वास नाकात झोंबला. उडालेल्या थेंबांनी धन्याच्या धोतराला बारीक बारीक भोकं पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर खिळा सुईएवढा. बोटात धरला तर मोडला.

"एका राती खिळ्याची सुई," धनी हिशेबानं म्हनले. "लंगराला दोन दिस पुरतील."

मी नदीला धुनं घेऊन गेले. तेवढ्यात ह्या मानसानं घर धुंडाळलं. लंगर मावंल, तेजाब खानार न्हाई, असं भांडं कुठलं? माझी बरनी! त्यातलं लोनचं पातेल्यात काढलं, ते पातेलं उघडं ठेवलं, आनि बरनी भट्टीच्या मागं नेऊन तिच्यात पानी, पान्यात तेजाब, आनि तेजाबात लंगर.

मी आले, बघितलं, आनि धुन्याचं गाठोडं तिथंच आपटलं. "माझी बरनी! तुमाला गावात दुसरं भांडं दिसलं न्हाई?"

धन्यांनी बोट ओठावर ठेवलं. बरनीफुडं मांडी घालून बसले व्हते, हात जोडून. भट्टीच्या कोनाड्यात खंडोबाचा टाक असतो, त्याच्याफुडची भंडाऱ्याची कोथळी त्यांच्या मांडीवर. पुटपुटत व्हते, "मल्हारी देवा, हुकूम मोहनरावाचा, हात माझा. पाप अर्धं अर्धं कर. माझ्या वाट्याचं माफ कर."

आनि असं म्हनून त्यांनी बरनीत भंडाऱ्याची मूठ टाकली. तेजाबात! देवाच्या वस्तूला हात लावायचा तर भंडारा वाहूनच लावायचा, ही आमच्या घरची सवय. मंग त्यांना वाटलं, गुन्हा एवढा मोठा, एका मुठीनं कसं भागंल? दुसरी टाकली. तिसरी. शेवटी कोथळीच पालथी केली. देव शांत व्हायला पाहिजे म्हनून सगळी हळद बरनीत.

देवाचं मला ठावं न्हाई, पन तेजाब मात्र शांत झालं. लंगराभोवती बुडबुड चालली व्हती ती बसत बसत गेली आनि बरनीत पिवळंधमक पानी गप उभं ऱ्हायलं.

"बघ," धनी म्हनले, "पोट भरलं त्याचं. आता आतनं गुपचूप खाईल."

मला काय ते पटलं न्हाई. बुडबुड बंद म्हंजे खानं बंद, एवढं मला बी दिसतंय की. दुपारी धनी कोळसे आनाय गेले, तवा मी दोन खिळे घेतले, एकाच पत्रीचे, सारखेच गंजके. एक बशीतल्या तेजाबात टाकला, एक दोरा बांधून बरनीत सोडला. दिवस मावळायच्या आत बशीतला खिळा निम्मा झालता. बरनीतला वर वढला तर काय? गंज साफ गेलेला, आनि खिळा जशाच्या तसा! डोकं, टोक, घनाचे ठोके सुदीक दिसत व्हते. जसा आजच ऐरनीवरनं उतरला. मी दाताखाली धरून बघितला. वाकला न्हाई.

मी खिळा तळहातावर घेऊन बसले. हळद आमी जखमेला लावतो, सर्दीला पितो, लग्नात अंगाला लावतो. हळदीनं लोखंडाला बी वाचवावं? तेजाबाला गंज खाऊ द्यावा आनि लोखंडाला शिवू देऊ नये? कोन सांगनार मला असं का हुतंय ते. पन हुतंय ते डोळ्याफुडं व्हतं.

आता पेच आलता माझ्याकडं. धन्याला सांगितलं असतं, तर बिचाऱ्यानं रडत रडत का हुईना, पानी बदललं असतं, लंगर पातळ झाला असता, राधाकिशननं तोडला असता आनि आमची भट्टी ऱ्हायली असती. न सांगितलं तर सप्तमीला ऐरन डोक्यावर घेऊन रस्त्यानं निघायचं. ऐरन लई जड असती हो. मी उठले, घरातल्या डब्यातली हळद आनली आनि बरनीत आनखी दोन मुठी टाकल्या.

पंचमीला धन्यांनी लंगर बाहेर काढला, पान्यानं धुतला. कड्या अशा उजळल्या व्हत्या, चंद्रहारासारख्या. सालोसालचा गंज, तेलाचा थर, सगळं गेलेलं. गंज गेला म्हनून कड्या जरा बारीक बी दिसत व्हत्या. धन्यांनी तळहातावर तोलून बघितलं. "हलका लागतोय का गं?"

"लई हलका," मी म्हनलं. "वाऱ्यानं उडंल."

मोहनराव आला. त्यानं बी तोलला. त्याला काय कळतंय लोखंडातलं! जलमात एक खिळा ठोकला न्हाई त्यानं. "शाबास," म्हनला. "पण एवढा चमकतोय कावून?"

"मालक," मी पदर सावरून फुडं झाले, "तहसीलदारसाहेब येनार, देवाचा लंगर गंजका दाखवायचा का? लोक म्हनतील मोहनरावांच्या गावात देवाला बी कुनी पुसत न्हाई."

ते त्याला लई आवडलं. माझी तारीफ केली आनि गेला. धनी माझ्याकडं बघत ऱ्हायले, ही बाई मोहनरावाशी कवापासून गोड बोलाय लागली म्हनून.

चंपाषष्ठीला माळ मानसांनी फुलला. तहसीलदारसाहेबांना खुर्ची टाकली व्हती, मोहनराव शेजारी उभा, डोक्यावर लाल, जरीचा रुमाल. दिमडी वाजत व्हती, भंडारा उधळत व्हता, मानसंच काय, शेरडं सुदीक पिवळी झालती. सटवाबा देवळाच्या पायरीजवळ उभा, गळ्यात कोथळी. त्याच्याकडं बघायचं मला धाडस हुईना.

राधाकिशन फुडं आला. धोतराचा काचा मारलेला. त्यानं लंगर कपाळाला लावला, दोन्ही हातांत धरला आनि पयला हिसका मारला. काय न्हाई. लोकांनी "जोर लाव, जोर लाव" केलं. दुसरा हिसका. लंगर खनखनला, पन कडी हलली न्हाई. मोहनरावानं धन्याकडं असं बघितलं की धनी माझ्यामागं सरकले. तिसऱ्याला राधाकिशननं डोळे मिटले, दात खाल्ले, सगळ्या खारीक-बदामाची ताकद लावली, आनि हातातनं एक टोक सुटून पोरगं बसलं ते थेट दिमडीवाल्याच्या मांडीत. दिमडी फुटली. लंगर तसाच अखंड.

आनि तवा आमच्या धन्याला काय झालं देव जानं! ते गर्दीतनं धावत सुटले आनि देवाच्या पायरीवर पालथे पडले. "देवा, तू हाईस! देवा, तू हाईस रे! दोन दिस तेजाबात ठेवलता मी तुझा लंगर! खिळ्याची सुई झाली, पन तुझी कडी झिजली न्हाई! मला माफ कर, माझं पाप तू अर्धं बी ठेवलं न्हाईस!"

मी कपाळाला हात लावला. अवो, मी एवढं गुपचूप निभवलं, आनि ह्या मानसानं ते देवाला वरडून सांगावं?

तहसीलदारसाहेब खुर्चीत फुडं सरकले. "तेजाब? कैसा तेजाब?"

"मोहनरावमालकांनी दिलतं जी," धनी पालथेच म्हनले. खोटं बोलायचं त्यांना सुचलंच न्हाई. "बीडच्या सोनाराचं. लंगर पातळ कर म्हनले."

मोहनरावाचा चेहरा त्याच्या रुमालापेक्षा लाल झाला. तहसीलदारसाहेबांनी त्याच्याकडं बघितलं, लंगराकडं बघितलं, आनि हसाय लागले. "मोहनरावजी, आपके गाँव का लोहा बी आपकी नै सुनता?" साहेब हसले म्हनल्यावर आख्खा माळ हसला.

पन मला हसू येत न्हवतं. सटवाबानं धन्याकडं बघितलं व्हतं, आनि मंग माझ्याकडं. त्या बघन्यात राग असता तरी चाललं असतं. नुसतं इचारल्यागत बघनं व्हतं ते, की तुमी बी? मला मेल्याहून मेल्यागत झालं.

राधाकिशन धूळ झटकत उठला. त्यानं बापाकडं बघितलं बी न्हाई. लंगर उचलला, सटवाबाकडं गेला आनि दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिला. "सटवाबा, मला ठावं न्हवतं," म्हनला. एवढं बोलनं मातर पोरगं कुठंतरी चांगलं शिकून आलतं.

आनि तवा माझ्या ध्यानात आलं. सटवाबाला आता तोडायचा व्हता. त्याच्याकडनं न्हाई तुटला तर मान गेलाच. चावडीवरचा ठराव तसाच व्हता, मोहनराव कितीबी लाजला तरी तो बदलनार न्हवता. आनि लंगर पातळ झाला न्हवता तो माझ्यामुळं. डब्यातली हळद मीच वतली व्हती, दोन मुठी. ज्या भावासाठी केलं, त्याचाच मान मी माझ्या हातानं बुडवला की काय?

सटवाबानं यंदा कड्या न चाचपताच पयला हिसका मारला. न्हाई. दुसरा. न्हाई. कुनीतरी मागं च्च् च्च् केलं. मी पदर तोंडात घातला.

तिसऱ्याच्या आधी तो थांबला. लंगर खाली सोडला, मांडीवर घेतला, डोळे मिटले आनि एकेक कडी बोटातनं सरकवाय लागला. एक, दोन, तीन. गाव चुळबुळत व्हतं. त्याला घाई न्हवती. एका कडीवर त्याचं बोट थांबलं. माघारी गेलं, परत त्याच कडीवर आलं. त्याच्या दाढीत जरा हसू आल्यागत मला वाटलं. मंग उठला, ती कडी बरोबर मधी धरली, साखळीला पीळ दिला, "मल्हारी मार्तंड" म्हनला आनि हिसका.

टन्न!

मी काय वरडले ते मला ठावं न्हाई. शेजारी भामाबाई उभी व्हती, मी तिच्याच गळ्यात पडले. ती बी रडत व्हती. दुसऱ्या दिवशी मात्र परत बोलली न्हाई.

सप्तमीला कुनी ऐरन उचलाय आलं न्हाई. ज्या भट्टीत देवानं तेजाबाला हरवलं, ती उठवायची हिंमत कुनात व्हती? उलट लोक भट्टीला नारळ वाहाय लागले. राधाकिशननं बिचाऱ्यानं मला नवी बरनी आनून दिली, जुनीपेक्षा मोठी. जुनी भट्टीमागंच ऱ्हायली, बाटलीत उरलेल्या तेजाबासंगं. धन्याला मी एकदा खिळे दाखवले, हळदीचं सांगितलं. ते म्हनले, "मंग मला हळद टाकायची बुद्धी कुनी दिली, सांग." ह्यांच्याशी वाद घालून कोन जिंकलंय?

सटवाबा मात्र त्या चंपाषष्ठीपासनं आमच्याकडं आला न्हाई. सालभर रस्त्यात दिसला तरी "बरं हाय का बाई" म्हनून फुडं जायचा. भाऊबीजेला मी ताट करून बसले, तर मेंढरं चकलांब्याकडं गेलीत असा निरोप आला. ते मला लई लागलं. चूक आमची व्हती, बोलनार तरी काय.

मार्गशीर्ष लागला. दुपारी मी एकटीच भट्टीवर व्हते. बघते तर सटवाबा सोता लंगर घेऊन दारात उभा. बसला, पानी प्याला, आनि भट्टीमागच्या जुन्या बरनीकडं बोट करून म्हनला, "भिवरे, त्यात आजून पिवळं पानी करता यील का?"

माझ्या हातातला तांब्या तसाच ऱ्हायला. "तुला कुनी सांगितलं?"

"जलम भंडाऱ्यात गेला माझा. त्या दिवशी लंगर हातात घेतला, तर कड्यांच्या बेचक्यात हळद. वरनं उधळलेली न्हाई, आत मुरलेली, आंबूस वासाची. सालभर इचार केला. धुळाजीनं पाप केलं, ते त्यानं गावाफुडं सांगितलं. पन लंगर वाचला कसा, ते कुनी सांगितलं न्हाई. मंग म्हनलं, धुळाजीच्या घरात गप बसून कोन काय करू शकतंय?"

मी रडाय लागले. सगळं सांगितलं, खिळे, बशी, डब्यातली हळद. आनि हे बी सांगितलं, की तुझे दोन हिसके वाया गेले तवा मीच तुला बुडवला असं वाटून माझा जीव चाललता.

सटवाबानं हात फुडं केले. बोटांची टोकं दगडागत झालती, पांढरी, चिरलेली. "बघ," म्हनला. "बोटं मेली माझी. दोन सालं सांधा लागतच न्हवता मला. वर गंज, वर तेल, मी काय चाचपत व्हतो माझं मलाच कळंना. म्हनून त्या जत्रेच्या आदल्या साली तिसरा हिसका लागला. कुनाला सांगनार? आन त्या दिवशी बोटावर भरवसा न्हवता म्हनून दोन हिसके नुसत्या जोरावर घालवले, मंग चाचपलं तर कड्या अशा साफ, की मेलेल्या बोटाला बी सांधा गवसला. तू मला बुडवलं न्हाईस बाई." त्यानं लंगर माझ्या मांडीवर ठेवला. "बारीक करू नको. नुसता धुऊन दे."

ही बेइमानी हाय का, मी क्षनभर इचार केला. पन गंज काढनं हे तर लोहाराचं कामच हाय की. मी डोळे पुसले, पदर खोचला, बरनी ओढली. आधी पानी, मंग तेजाब, मंग हळद. सटवाबानं गळ्यातल्या कोथळीतनं आपल्या हातानं एक मूठ घातली. बुडबुड बसत बसत गेली आनि पानी गप झालं.

"आन फुडल्या भाऊबीजेला यायचं," मी दटावून म्हनलं, "पन मेंढरं बांधून ये. भामाबाई दरसाल मेथी लावती."